सोडियम-पोटॅशियम एटीपीएजचा वेस्टर्न ब्लॉट: नमुना उकळू नका

वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिनं जेलमधून आकारानुसार वेगळी करतात, मेम्ब्रेन नावाच्या पडद्यावर उतरवतात आणि अँटिबॉडीने हवं ते प्रथिन पट्ट्याच्या (बँडच्या) रूपात दाखवतात. पेशीच्या पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप, म्हणजे सोडियम-पोटॅशियम एटीपीएज, ब्लॉटवर दिसला नाही की पहिला संशय अँटिबॉडीवर जातो. दुसरी मागवली जाते, ती येईपर्यंत काही आठवडे जातात आणि तिनेही ब्लॉट तसाच कोरा येतो. बहुतेक वेळा अँटिबॉडीचा काहीच दोष नसतो. नमुना सवयीने ९५ अंशांवर पाच मिनिटं उकळलेला असतो आणि हे प्रथिन उकळल्यावर जेलमध्ये शिरतच नाही. म्हणून या लेखात अँटिबॉडीइतकीच जागा नमुन्याला दिली आहे.

आधी प्रथिन ओळखून घ्या

डेन्मार्कच्या आऱ्हुस विद्यापीठात येन्स स्को यांनी खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करताना या एन्झाइमचा शोध लावला. त्यांचा शोधनिबंध १९५७ साली आला आणि १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटा मिळाला. पेशीचं इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्च करून हा पंप ३ सोडियम आयन पेशीबाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो.

पंपाचे दोन मुख्य भाग आहेत. अल्फा उपएकक सुमारे हजार अमिनो आम्लांचं असून पटलातून दहा वेळा आरपार जातं. त्याची दोन्ही टोकं पेशीच्या आतल्या बाजूला असतात. हिशेबाने त्याचा रेणूभार ११२-११३ किलोडाल्टन (रेणूभाराचं एकक, पुढचे बँडचे आकडेही यातच) येतो, पण जेलवर ते १०० च्या आसपास धावतं, त्यामुळे बँड थोडा खाली दिसला म्हणून घाबरू नका. बीटा उपएककाचा प्रथिनाचा गाभा ३५ किलोडाल्टनचा असतो. त्यावर साखरेच्या साखळ्या असल्यामुळे बीटा-१ चा बँड साधारण ४५ ते ६० च्या पट्ट्यात पसरट येतो. तिथे रेखीव बँडची अपेक्षा करू नका.

अल्फाची चार रूपं आहेत. अल्फा-१ जवळपास सगळ्या पेशींत असतं. अल्फा-२ स्नायू, हृदय आणि मेंदूतल्या ग्लिया (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशींत, अल्फा-३ मुख्यतः चेतापेशींत आणि अल्फा-४ शुक्रपेशींत सापडतं. चौघांचा आकार जवळजवळ सारखाच, म्हणून बँड कुठे आला यावरून रूप ओळखता येत नाही. ते काम अँटिबॉडीच्या निवडीनेच होतं.

कोणती अँटिबॉडी घ्यावी

अल्फा-१ साठी उंदराच्या दोन मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून आलेल्या, एकच जागा ओळखणाऱ्या) अँटिबॉडी वर्षानुवर्षं वापरात आहेत. ४६४.६ हा क्लोन अनेक कंपन्या विकतात. दुसरा अल्फा-६एफ, तो आयोवा विद्यापीठातल्या हायब्रिडोमा (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या) बँकेकडून मिळतो. त्याच बँकेतला अल्फा-५ हा क्लोन अल्फाची वेगवेगळी रूपं ओळखतो. म्हणजे मेंदूच्या लायसेटवर (पेशी फोडून मिळालेल्या द्रावणावर) अल्फा-५ लावला तर एकाच बँडमध्ये अल्फा-१, २ आणि ३ यांची बेरीज दिसते. 'पंप एकूण किती' हा प्रश्न असेल तर ते चालतं. 'चेतापेशीतलं रूप किती बदललं' हे विचारायचं असेल तर अल्फा-३ ची वेगळी अँटिबॉडी हवी.

सशाची पॉलिक्लोनल (अनेक जागा ओळखणाऱ्या अँटिबॉडींचं मिश्रण) घेत असाल तर ती प्रथिनाच्या कोणत्या तुकड्याविरुद्ध बनवली आहे ते माहितीपत्रकात पाहा. या कुळातले एटीपीएज काम करताना एका ॲस्पार्टेटवर फॉस्फेट घेतात आणि त्या जागेभोवतीचा क्रम सगळ्या कुळात जवळपास सारखा आहे. तिथला पेप्टाइड वापरून केलेली अँटिबॉडी जठरातल्या हायड्रोजन-पोटॅशियम एटीपीएजलाही चिकटू शकते, कारण त्या दोघांच्या अल्फा उपएककांत साठ टक्क्यांहून जास्त साम्य आहे आणि आकारही सारखाच. नमुना जठराचा असेल तर ही काळजी घ्याच. एन-टोकाकडचा भाग रूपागणिक बराच बदलतो, त्यामुळे तिथे बांधणारी अँटिबॉडी रूप ओळखायला जास्त भरवशाची.

आता प्रमाण. इथे एक चूक फार होते. शुद्ध केलेली अँटिबॉडी मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असेल तर १:१००० म्हणजे मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम. हायब्रिडोमा बँकेतून मात्र बऱ्याचदा पेशी वाढवलेलं माध्यमच येतं, आणि त्यात अँटिबॉडी मिलिलिटरला साधारण २० ते ५० मायक्रोग्रॅम इतकीच असते. ब्लॉटला मिलिलिटरमागे ०.२ ते ०.५ मायक्रोग्रॅम लागते. म्हणजे ४० मायक्रोग्रॅमच्या बाटलीसाठी १:१०० हे योग्य प्रमाण. दुसऱ्याच्या निबंधातलं १:१००० तिथे उचलून लावलं तर ०.०४ मायक्रोग्रॅम उरते आणि बँड पुसटच येणार. बाटलीवरचा आकडा वाचून गुणाकार करा.

पेशी फोडताना

सुरुवात एचईके-२९३, हीला किंवा एमडीसीके पेशींपासून करा, तिन्हींत अल्फा-१ भरपूर असतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून पेशीवाण मिळतात. ऊती हवी असेल तर मूत्रपिंडासारखी दुसरी नाही, त्यातही बाहेरच्या मज्जेचा भाग. ५ मायक्रोग्रॅम प्रथिनातही ठसठशीत बँड येतो. शेळीचं मूत्रपिंड सरावाला चालू शकतं, पण त्या प्राण्यावर अँटिबॉडी चालते का ते आधी पाहा.

बशी बर्फावर ठेवा, गार पीबीएसने (फॉस्फेटच्या खारट बफरने) दोनदा धुवा आणि पेशी खरडून काढा. ट्रिप्सिनने सोडवू नका, कारण त्याचा मागे राहिलेला अंश लायसेटमध्ये प्रथिनं कापत बसतो. पेशी फोडणारा रिपा बफर असा करा: ट्रिस ५० मिलिमोलर, पीएच ७.४, मीठ १५० मिलिमोलर, एनपी-४० एक टक्का, सोडियम डीऑक्सिकोलेट ०.५ टक्के, एसडीएस ०.१ टक्का. प्रोटिएज रोखणारं मिश्रण ऐनवेळी घाला. १० सेंटिमीटरच्या बशीला ४०० मायक्रोलिटर पुरतं. अर्धा तास बर्फावर ठेवून अधूनमधून ढवळा, मग ४ अंशांवर १४,००० जीला १५ मिनिटं फिरवा आणि वरचा द्रव घ्या.

डिटर्जंट न घालता नुसतं गोठवून-वितळवून पेशी फोडणाऱ्यांचा पंप इथेच जातो. पटलातली प्रथिनं डिटर्जंटशिवाय विरघळत नाहीत, ती तळाच्या गोळ्यात बसतात, आणि तो गोळा टाकून दिला जातो. शंका असेल तर गोळाही सॅम्पल बफरमध्ये (जेलवर घालण्याआधी नमुन्यात मिसळायच्या द्रावणात) घेऊन शेजारच्या लेनमध्ये चालवा, उत्तर लगेच मिळेल.

प्रथिन मोजायला बीसीए ही रंगचाचणी वापरा. साध्या ब्रॅडफर्ड चाचणीला रिपातले डिटर्जंट बाधतात. बीसीएला सॅम्पल बफरमधले डीटीटी, मर्कॅप्टोइथेनॉल असे क्षपणक चालत नाहीत, म्हणून मोजणी सॅम्पल बफर घालण्याआधी उरकायची.

किती तापवायचं

विद्राव्य प्रथिन एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळलं की उलगडतं, एसडीएस त्यावर सारखं बसतं आणि प्रथिन सुटं राहतं. अल्फाचे दहा पटलभेदी पट्टे पाण्याला दूर ठेवणाऱ्या अमिनो आम्लांनी भरलेले आहेत. तापमान वाढलं की हे पट्टे उघडे पडतात आणि एसडीएसला न जुमानता शेजारच्या रेणूच्या पट्ट्यांना चिकटतात. त्यातून होणारे गठ्ठे इतके मोठे असतात की स्टॅकिंग जेलही (जेलचा वरचा विरळ थर) ओलांडत नाहीत. ब्लॉटवर १०० च्या जागी काहीच नसतं, आणि वेलच्या तळाशी काळी रेघ किंवा वरपासून उतरत आलेला धुरकट पट्टा असतो. पुष्कळ जण स्टॅकिंग जेल कापून टाकून मगच ट्रान्सफर करतात, म्हणजे प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवतात. मग तो पुरावाही कचऱ्यात जातो आणि 'अँटिबॉडी चालत नाही' असा शेरा वहीत पडतो.

पहिल्याच वेळी ही चाचणी करा. एक लायसेट घ्या आणि चार नळ्यांत सारखं वाटा. समजा लायसेटमध्ये मायक्रोलिटरला २.४ मायक्रोग्रॅम प्रथिन आहे आणि लेनमध्ये २० मायक्रोग्रॅम हवं आहे. तर ८.३ मायक्रोलिटर लायसेट, ५ मायक्रोलिटर चौपट सॅम्पल बफर आणि ६.७ मायक्रोलिटर पाणी, एकूण २०. चौपट बफरमध्ये ट्रिस २५० मिलिमोलर, पीएच ६.८, एसडीएस ८ टक्के, ग्लिसरॉल ४० टक्के, ब्रोमोफिनॉल ब्लू ०.०२ टक्का; आणि त्याच दिवशी घातलेलं डीटीटी ४०० मिलिमोलर. पहिली नळी खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं ठेवा, दुसरी ३७ अंशांवर ३० मिनिटं, तिसरी ७० अंशांवर १० मिनिटं आणि चौथी ९५ अंशांवर ५ मिनिटं. चारही शेजारी-शेजारी चालवा आणि स्टॅकिंग जेलसकट ट्रान्सफर करा.

पहिल्या दोन लेनमध्ये १०० जवळ नीट बँड, तिसरीत थोडा फिका आणि वरती धूर, चौथीत बँड जेमतेम आणि वेलपाशी काळं, असा उतरता क्रम दिसला की कारण हाती लागलं. पुढच्या सगळ्या कामाला ३७ अंशांची नळी धरा. 'खोलीचं तापमान' म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यात विदर्भातल्या वातानुकूलन नसलेल्या खोलीत ते बरंच वर जातं, म्हणून तिथे हीट ब्लॉकवर ३७ लावणंच बरं, म्हणजे दर महिन्याचे ब्लॉट एकमेकांशी ताडता येतात.

यात एक गैरसोय आहे. न उकळलेल्या लायसेटमध्ये डीएनए लांबच लांब राहतो आणि नमुना शेंबडासारखा तार धरतो. टिपने उचलला तरी वेलमध्ये पडत नाही, उलट शेजारच्या वेलमध्ये ओढला जातो. त्यासाठी बर्फावर सोनिकेटरचे पाच-पाच सेकंदांचे तीन झटके द्या, मधे थांबून थंड होऊ द्या. सोनिकेटर नसेल तर २५ गेजच्या सुईतून दहा वेळा ओढून सोडा. ॲक्टिनसारखं दुसरं प्रथिनही याच नमुन्यात पाहायचं असेल तर उकळण्याची गरज नाही, ३७ अंशांवर तेही व्यवस्थित येतं.

गोठवलेला तयार नमुना पुन्हा वापरताना एसडीएसचे पांढरे कण दिसतात. ते विरघळवायलाही ३७ अंशच, दहा मिनिटं. इथे सवयीने ९५ वर टाकलं की आधीची सगळी काळजी वाया.

जेल आणि ट्रान्सफर

८ टक्के जेल घ्या. १० मिलिसाठी पाणी ४.६ मिलि, ३० टक्के ॲक्रिलामाइड मिश्रण २.७ मिलि, १.५ मोलर ट्रिस पीएच ८.८ अडीच मिलि, १० टक्के एसडीएस ०.१ मिलि, १० टक्के एपीएस ०.१ मिलि आणि टेमेड ६ मायक्रोलिटर. ओतण्याआधीचं ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक असतं, हातमोजे घालूनच काम करा. बीटाही त्याच जेलवर हवा असेल तर १० टक्के करा. स्टॅकिंगमध्ये ८० व्होल्ट, पुढे १२० व्होल्ट, निळा रंग तळाशी येईपर्यंत.

ट्रान्सफरला ०.४५ मायक्रॉनची पीव्हीडीएफ मेम्ब्रेन घ्या आणि आधी अर्धा मिनिट मिथेनॉलमध्ये बुडवा. कोरडी पीव्हीडीएफ पाणी घेत नाही, त्यामुळे जिथे मिथेनॉल लागलं नाही तिथे पांढरा डाग राहतो आणि त्या जागी प्रथिन बसत नाही. बफरच्या एका लिटरला ट्रिस ३.०३ ग्रॅम, ग्लायसिन १४.४ ग्रॅम आणि मिथेनॉल २०० मिलि हे नेहमीचं प्रमाण. अल्फासाठी मिथेनॉल १०० मिलिवर आणा. मिथेनॉलने जेल आकसतं आणि मोठी प्रथिनं आत अडकतात. वेट टँकमध्ये बर्फाच्या वडीसह १०० व्होल्टवर ९० मिनिटं, किंवा ४ अंशांवर ३० व्होल्टने रात्रभर. सात-दहा मिनिटांत उरकणाऱ्या अर्धकोरड्या यंत्रावर हे प्रथिन अर्धवट येण्याची शक्यता जास्त, निदान पहिला ब्लॉट तरी त्यावर करू नका.

उतरल्यावर पॉन्सो एस हा प्रथिनं दाखवणारा लाल रंग लावा आणि १०० च्या वरचा भाग नीट निरखा. खालचे बँड गर्द आणि वरचे फिके असतील तर ट्रान्सफर कमी पडलं आहे. जेल कूमासी रंगात टाकलं की आत किती उरलं तेही कळतं. पॉन्सोचा फोटो ठेवा, तो पुढे कामाला येतो.

अँटिबॉडी लावणं

धुण्याच्या टीबीएसटी बफरमध्ये ट्रिस २० मिलिमोलर, मीठ १५० मिलिमोलर, ट्वीन-२० ०.१ टक्का, पीएच ७.६. त्यात ५ टक्के स्निग्धांशरहित दूध भुकटी घालून तासभर ब्लॉक करा. पहिली अँटिबॉडी त्याच द्रावणात, ४ अंशांवर रात्रभर, सावकाश हलवत. छोट्या मेम्ब्रेनला पिशवीत ५ मिलि पुरतं. सकाळी टीबीएसटीने दहा-दहा मिनिटं तीनदा धुवा. दुसरी अँटिबॉडी, उंदराच्या आयजीजीविरुद्धची (उंदराच्या अँटिबॉडीला चिकटणारी), एचआरपी एन्झाइम जोडलेली, १:५००० ते १:१०,००० मध्ये तासभर. पुन्हा तीनदा धुऊन ईसीएल लावा, एचआरपीमुळे ते प्रकाश देतं.

पहिल्या अँटिबॉडीचं द्रावण पुन्हा वापरायचं असेल तर ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालून ४ अंशांवर ठेवता येतं. अझाइड विषारी आहे, तोलताना हातमोजे हवेत, आणि ते सिंकमध्ये ओतू नका. ते एचआरपीला मारतं, त्यामुळे दुसऱ्या अँटिबॉडीच्या द्रावणात त्याचा थेंबही नको.

मूळ बाटली आल्याबरोबर १०-२० मायक्रोलिटरचे वाटे करून ठेवा. ५० टक्के ग्लिसरॉल असलेली अँटिबॉडी उणे २० ला गोठत नाही, ती तशीच ठेवा. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजरमध्ये ठेवू नका. त्याचं तापमान ठरावीक वेळाने वर जातं आणि ग्लिसरॉल नसलेले वाटे नकळत वितळून पुन्हा गोठतात.

ब्लॉट वाचताना

१०० जवळ एकच बँड आला म्हणजे तो आपलाच, असं धरून चालू नका. जीन पूर्ण काढून टाकलेल्या पेशी हा सर्वांत पक्का पुरावा, पण अल्फा-१ शिवाय बहुतेक पेशी जगतच नाहीत. म्हणून एसआयआरएनएने (जीन गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने) अल्फा-१ चं एटीपी१ए१ जीन दाबा, ४८ आणि ७२ तासांनी लायसेट करा आणि बँड उतरतो का पाहा. निरर्थक क्रमाचा एसआयआरएनए दिलेल्या पेशी शेजारच्या लेनमध्ये हव्यातच. पेप्टाइडने अँटिबॉडी अडवून बँड घालवला तर ती त्या पेप्टाइडला बांधते एवढंच सिद्ध होतं. तिला चिकटणारं परकं प्रथिनही त्याच पेप्टाइडने अडतं, म्हणून हा पुरावा कमकुवतच.

२०० च्या वर बँड आणि १०० लाही बँड असेल तर गठ्ठे सुरू झाले आहेत, तापमान तपासा. १०० च्या खाली दोन-तीन पायऱ्या दिसल्या तर प्रथिन कापलं गेलं आहे, प्रोटिएज रोखणारं मिश्रण जुनं होतं किंवा काम बर्फाबाहेर झालं. मधे पांढरा आणि कडेने काळा बँड म्हणजे एचआरपी इतकं जास्त की तिथलं ईसीएल क्षणात संपलं. दुसरी अँटिबॉडी १:२०,००० वर न्या किंवा प्रथिन निम्मं करा. उंदराच्या ऊतीवर उंदराचीच अँटिबॉडी लावली की ५० आणि २५ ला ऊतीतल्या रक्तातल्या अँटिबॉडीच्या साखळ्या दिसतात. अल्फाला त्याने फरक पडत नाही, पण बीटा नेमका त्या पन्नासपाशीच पसरलेला असतो. तिथे सशाची अँटिबॉडी घ्या. बीटाचीच खात्री करायची असेल तर लायसेटला पीएनजीएज-एफ हे एन्झाइम द्या, साखर निघून पसरट बँड ३५ जवळ गोळा होतो.

हा पंप स्वतःच पटलाच्या प्रथिनांचा लोडिंग कंट्रोल (लेनमध्ये सारखं प्रथिन पडलं का ते दाखवणारा) म्हणून सर्रास वापरला जातो. पेशींना थायरॉइड संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, पंप रोखणारं ओआबेन किंवा कमी पोटॅशियमचं माध्यम दिलं असेल तर असं करू नका, कारण त्या प्रत्येकाने पंपाचं प्रमाणच बदलू शकतं. आणि पंपाचं मोजमाप करताना व्हिन्क्युलिनला कंट्रोल घेऊ नका, त्याचा रेणूभार ११७ असल्याने तो जवळजवळ अल्फावरच येतो. ७० च्या खुणेवर मेम्ब्रेन आडवी कापा, वर पंप आणि खाली ॲक्टिन लावा. मेम्ब्रेन धुऊन पुन्हा अँटिबॉडी लावण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

सूक्ष्मदर्शकाखाली

ब्लॉटवर चाललेली अँटिबॉडी इथे, म्हणजे चमकणाऱ्या रंगाने पेशी पाहताना, चालेलच असं नाही, पण अल्फा-६एफ आणि अल्फा-५ दोन्हींचा वापर होतो. प्रमाण मिलिलिटरला २ ते ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ब्लॉटच्या दहापट. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १० ते १५ मिनिटं, मग ०.१ टक्के ट्रायटन ५ मिनिटं. अल्फाची दोन्ही टोकं आणि मोठा मधला भाग आतल्या बाजूला असल्याने ट्रायटन वगळलं तर अँटिबॉडी आत पोचत नाही. याचा उलट उपयोगही करता येतो: ट्रायटनशिवाय चमक आली तर पटल फाटलं आहे किंवा चमक खोटी आहे. चमक फिकी असेल तर उणे २० च्या मिथेनॉलमध्ये ५ मिनिटं स्थिर करून पाहा.

एमडीसीके पेशी पूर्ण दाटल्यावर तीन-चार दिवसांनी घ्या. वरून पाहताना पेशींच्या कडा जाळीसारख्या उजळतात. बाजूने घेतलेल्या छेदात चमक तळाशी आणि कडांना असते, वरचा पृष्ठभाग काळा राहतो. तोही उजळला असेल तर पेशी अजून पुरत्या दाटलेल्या नाहीत. मेंदूतलं कोरॉइड प्लेक्सस आणि डोळ्यातला रंगद्रव्य-थर मात्र याला अपवाद आहेत. तिथे पंप वरच्याच पृष्ठभागावर असतो, तेव्हा त्या ऊतींत वरची चमक दिसली तर ती बरोबर आहे.